मस्कतला जाणारी कॅसेट

कॅसेट भरायची म्हटलं की आता मला नको वाटतं. पूर्वी असं नव्हतं. नंदूदादा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला आणि पहिल्याच सुट्टीत त्याने घरात टू-इन-वन, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला, आणून ठेवला. आईला लिहिता येत नाही. मी पत्र लिहून देते म्हटलं तर तोंडावर म्हणाली, "तुका कित्याक सांगू? माका माझ्या झिलाशी बोलाक व्हया." मुलाशी तिला स्वतःच बोलायचं होतं. मग ठरलं. मी लाल बटण दाबायचं, दार ओढून घ्यायचं आणि गॅलरीत जाऊन उभं राहायचं. आत आईची टकळी सुरू.

एरवी ही बाई बोलतच नाही. संपात गिरणी गेली, पाठोपाठ बाबा गेले, लालबागची खोली विकून आम्ही बोरीवलीच्या सोसायटीत आलो. इथल्या पहिल्याच हळदीकुंकवाला आई मालवणीत "माका नको" म्हणाली आणि बायका फिस्सकन हसल्या. मग जिन्यात पोरं "माका-तुका" करून चिडवायला लागली. तेव्हापासून आई दाराबाहेर "हो", "नाही", "बरं आहे", एवढंच बोलते, तेही तोलूनमापून. बाकीचं सगळं दादाच्या कॅसेटसाठी साठवून ठेवते. दादा म्हणायचा, तिकडे रात्री ती कॅसेट लावल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

या खेपेला दादा सुट्टीवर आला आणि नेहमीचं सुरू झालं. काका, मामा, शेजारीपाजारी, जो तो विचारणार, "काय आणलंस?" कुणाला घड्याळ, कुणाला सेंट, कुणाला साडीचं कापड. दादा वैतागून गेला. माझ्या ऑफिसातल्या अनुपमाने नाटकाचे दोन पास दिले होते, पार्ल्यातल्या एका शाळेच्या हॉलमधले. म्हटलं, चल, तेवढाच घराबाहेर पडशील.

कसलं नाटक आणि कसलं काय! ना पडदा, ना सेट. मधोमध एक खुर्ची आणि एक माणूस तिला दोरी बांधतोय, सोडतोय, परत बांधतोय. मी दादाला कोपर मारलं, "वाट लागली रे, फुकट पास होते तेवढं बरं." बघते तर हा डोळे पुसतोय.

"मालन, मी तिकडे खोलीवर असंच करतो गं."

"काय करतोस?"

"काही नाही. हेच."

नाटक संपल्यावर सगळे सतरंजीवर चहा घेत बसले. दिग्दर्शक चंद्रप्रकाश, दाढीवाला, झब्बा कोपरावर विरलेला, दादाला म्हणाला, "तुम्हाला काय वाटलं?" दादा आधी अडखळला आणि मग जो बोलत सुटला! घरी येताना मला म्हणाला, "इथे आल्यापासून सगळ्यांनी काय आणलं ते विचारलं. काय वाटलं हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं."

मग काय, रोज पार्ले. एकदा मला चित्रांच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. एका निळ्या चित्रापुढे हा खिळून उभा. मी म्हटलं, "ही तर आपल्या मोरीची ओल आलेली भिंत." तर म्हणतो, "म्हणूनच तर." डोंबल! पण खोटं कशाला बोलू, मलाही हळूहळू गोडी लागली. ऑफिस सुटलं की मीही तालमीला जाऊन बसायची. त्या सतरंजीवर मला कुणी "लग्नाचं काय?" असं विचारत नव्हतं. मजा यायची, झकास वाटायचं.

त्यांचं पुढचं नाटक होतं परदेशी गेलेल्या मुलाच्या घरावर. रंगमंचावर एकटा मुलगा आणि टेपवर आईचा आवाज. तो आवाज एका नटीने भरला, तर चंद्रप्रकाश कपाळाला हात लावून म्हणाला, "ही रेडिओवरची आई वाटते. खरी नाही वाटत." दादा पटकन बोलून गेला, "माझ्याकडे खरी आहे." आईच्या सगळ्या कॅसेट त्याच्या बॅगेत होत्या, त्या घेऊन तो मस्कतहून येतो आणि घेऊनच परत जातो.

तालमीहून निघालो तेव्हा त्याने मला विचारलं, "आयेला विचारूया ना?"

मी म्हटलं, "विचारलंस तर नाहीच म्हणेल. आणि तिला कळणारे कुठे? बोरीवलीहून कोण मरायला येतंय तिथे नाटक बघायला!"

हे माझे शब्द. त्याने विचारलं होतं, मीच त्याला गप्प केलं. कारण मलाही ती सतरंजी सोडवत नव्हती. टेप वाजवायचं कामही माझ्याकडेच आलं, यंत्राची सवय मलाच होती ना.

पहिला प्रयोग रंगला. टेपवर आई बोलायला लागली आणि हॉल खदखदून हसला. मीही हसले. मग लोक गप्प झाले, पुढे रडलेही. शेवटी टाळ्या. सगळ्यांनी दादाची पाठ थोपटली आणि तो लाल झाला.

सोसायटीतल्या पद्मजाकाकूंच्या भाच्याने तो प्रयोग पाहिला होता. त्याने घरी सांगितलं, शेजारची मालन नाटकात असते. काकूंना वाटलं, आपण आईला गंमत दाखवूया. दुसऱ्या प्रयोगाला मी यंत्रापाशी बसलेली, उजेड कमी होत होता, आणि दुसऱ्या रांगेत मला आई दिसली. शेजारी काकू. आईने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. मांडीवर डबा. आम्ही दोघं नाटकात काम करतो असं समजून ती सगळ्यांसाठी नारळाच्या वड्या घेऊन आली होती.

समोरच्या विंगेतून दादा मला हाताने "नको, नको" करत होता. त्याने आईला पाहिलं होतं. खुर्चीतला नट वाट बघत होता. हॉल भरलेला. मी थांबले तर चंद्रप्रकाश काय म्हणेल, हेच माझ्या मनात आलं. मी बटण दाबलं.

"काय रे झिला, जेवलंस? आज इसवण मासो आणलंय. तुझो वाढदिवस ना! तुझा पान मांडलंय, एक तुकडी वाढलंय. तू काय येवचस नाय. मगे तुझी तुकडी मीच खाल्लंय. रागाव नको हां. पण बरी झाल्ली!"

हॉल फुटला. पद्मजाकाकूंनी चमकून आईकडे पाहिलं, आवाज ओळखला आणि रुमाल तोंडाला लावून गदगदून हसायला लागल्या. आई आधी मागे वळून बघत होती, कोण बोलतंय म्हणून. मग तिला कळलं. सगळे हसताहेत म्हणून तीही थोडीशी हसली, उशिराने. नंतर पदर तोंडावर घेऊन शेवटपर्यंत तशीच बसली. टेप चालूच होती. मी ती थांबवली नाही.

प्रयोगानंतर तिने एकेकाच्या हातावर वडी ठेवली. चंद्रप्रकाश पाया पडला, "आई, तुमच्यामुळे नाटक उभं राहिलं." आई म्हणाली, "छान झालं." जिन्यात बोलते त्या आवाजात. घरी आल्यावर दादा तिच्या पायाशी बसला.

"आये, चुकलंय गे मी. तुका राग इलो?"

"राग कसलो रे? जेव आता."

दादाने चंद्रप्रकाशकडून कॅसेट परत आणली, सुट्टी संपली, तो गेला. निघताना आईला म्हणाला, "आये, कॅसेट धाडशीत मां?" ती म्हणाली, "धाडतलंय."

ती कॅसेट आज भरली. मी नवी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं आणि सवयीने दार ओढायला लागले.

"उघडाच ऱ्हवांदे," आई म्हणाली.

तिने पदर सारखा केला. ताठ बसली.

"नंदू. मी आई बोलत आहे. इकडे सर्व ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे? आज जेवणात मासे होते. छान झाले होते. काळजी घे." मग माझ्याकडे बघून, "बंद कर गो."

मला रडूच कोसळलं. "आये, असं काय गं बोलतेस! नेहमीसारखं बोल ना. कोणी ऐकत नाही, फक्त दादा ऐकणार आहे. शप्पथ!"

तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. 

"माका काय म्हायत गो? बटण तूच दाबतंस मां?"

आणि उठून मासे झाकायला आत गेली.