वाचवलेलं पाणी कुणाचं

त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने एक तासही शिकवलं नव्हतं, पण समोर येईल त्याला चार गोष्टी समजावल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नसे. शेतात ठिबकच्या नळ्या घातल्यापासून तर त्याला ऊतच आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो विहिरीवर नेऊन मीटर दाखवायचा. पीक तेवढंच, पाणी कितीतरी कमी. बायको म्हणायची, पाहुण्यांना आधी बसा तरी म्हणा.

वाचलेल्या पाण्यावर त्याचा डोळा होता. विहिरीच्या वरच्या अंगाला त्याचाच माळ कोरडा पडून होता. तिथे लिंबाची बाग करायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं. रोपं सांगून ठेवली, खड्डे घेतले, आणि मग निव्वळ रीत म्हणून भूजल कार्यालयात अर्ज दिला. त्या खोऱ्यात प्रत्येक विहिरीला परवाना होता. किती पाणी उपसायचं आणि कोणत्या जमिनीला द्यायचं, दोन्ही ठरलेलं. आपण तर ठरल्यापेक्षा कमीच उपसतोय, मग नाही कोण म्हणणार, असं त्याला वाटत होतं.

कार्यालयातल्या कारकुनाने आधी नकाशा मागितला. नकाशा नेला, तर जुन्या आणि नव्या जमिनीचे वेगळे हवे होते. वेगळे करून नेले, तेव्हा खिडकीत दुसरा कारकून होता आणि त्याला दोन्ही एकाच कागदावर हवे होते. मास्तर जिना चढून-उतरून मेटाकुटीला आला. शेवटी आतल्या अधिकारी बाईंनी त्याला बोलावलं. बाई शांत होत्या, आणि त्या शांतपणानेच त्याचं डोकं जास्त फिरलं.

"पाणी जमिनीला बांधलेलं आहे," त्या म्हणाल्या. "नवी जमीन म्हणजे नवी मागणी. या खोऱ्यात नव्या मागण्या बंद आहेत."

"मी नवं पाणी मागतच नाहीये. माझंच वाचवलेलं वापरणार."

"तुम्ही वाचवलंत ते जमिनीत राहिलं. जमिनीतलं पाणी तुमच्या मालकीचं नाही."

"म्हणजे उधळलं असतं तर माझं होतं?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "नियमाने बघितलं तर, हो." मग जरा अवघडून त्यांनी पुढचंही सांगितलं. जेवढं पाणी वापरलं जात नाही, तेवढं नूतनीकरणाच्या वेळी परवान्यातून कायमचं कमी होतं.

मास्तरने सुनावणी मागितली. अर्जावर हरकती मागवल्याचा कागद फलकावर लागला. आपल्यावर कोण हरकत घेतंय, या भरवशावर तो बायकोला घेऊन सुनावणीला गेला, आणि दारातच थबकला. पुढच्या बाकावर त्याची ताई बसली होती.

वडिलांनी वाटणी करताना खालचं अंग ताईला दिलं होतं. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध तेवढा. ताई त्याच्याकडे न बघता बाईंशी बोलली. तो पाटाने पाणी द्यायचा तेव्हा त्याच्या रानात मुरलेलं पाणी खाली पाझरून तिच्या विहिरीत यायचं. नळ्या आल्या आणि पाझर थांबला. आता उरलंसुरलंही माळावर गेलं, तर तिच्या विहिरीचा तळ दिसेल.

"मग घरी बोलायचं होतंस," मास्तर म्हणाला.

"बोलले होते. दोनदा. तू मला मीटर दाखवलास."

मागे बायको खोकली. त्याला ते आठवत होतं. अर्ज नामंजूर झाला.

त्याने रोपवाटिकेत रोपं दुसऱ्याला द्यायला सांगितलं आणि ताईकडे जाणं टाकलं. घरातही तो ताटावर बसून घास चिवडत राहायचा. शेवटी एक दिवस बायको म्हणाली, "तुमचं आणि ताईंचं बोलणं नंतर होऊ द्या. आधी त्यांची विहीर तरी बघून या."

तो बघायला गेला. दाजी मोटारीचा पाइप आणखी खाली सोडत होते. विहिरीच्या दगडांवर पाण्याची जुनी खूण होती आणि पाणी तिच्या बरंच खाली, गढूळ, डबक्याएवढं. मास्तर कठड्यावर हात टेकून उभा राहिला. आपण वाचवलं म्हणून छाती फुगवत होतो, ते ताईच्याच तोंडचं पाणी होतं, हे त्याला आता दिसलं. त्यामुळे राग गेला असं नाही. राग तसाच राहिला, फक्त काढायला माणूस उरला नाही.

बहीण-भाऊ मिळून पुन्हा कार्यालयात गेले. माळाला पाणी नको, जुना परवाना कापू नका, खाली पाझर गेला पाहिजे, एवढंच मागणं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाझर ही गोष्टच नियमात बसत नाही. पण मास्तरने बांधालगतच्या आपल्या खालच्या शेतातल्या नळ्या काढून पुन्हा पाटाने पाणी दिलं, तर वापर पहिल्यासारखा होईल आणि परवाना कापायचं कारण उरणार नाही.

"म्हणजे पाणी राखायचं तर वाचवणं बंद करायचं," मास्तर म्हणाला.

बाईंनी त्याचा जुना परवाना फाइलमध्ये परत लावला.

खालच्या शेतातल्या नळ्या त्याने स्वतः गुंडाळल्या. दुसरं टोक धरायला ताई बांध ओलांडून आली. दोघांनी मिळून वेटोळी बांधावर रचली. पुढच्या हंगामात तिची विहीर थोडी सावरली. माळावरचे खड्डे तसेच राहिले, कडा ढासळून अर्धे बुजले.

पाणी कसं वाचवावं हे बघायला लोक अजूनही येतात. मास्तर त्यांना विहिरीजवळचं, ठिबक राहिलेलं शेत दाखवतो. खाली पाट का वाहतोय, असं कुणी विचारलंच, तर तो सुरुवातीपासून सगळं सांगायला बसतो. निम्म्यातच ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या चढतात. बहिणीने अडवलं की सरकारने, एवढंच सांगा म्हणतात. तेवढंच त्याला कधी सांगता येत नाही.