वीस मिनिटं मागे

बोर्ड : कॉम्प्युटरचा, जुना, बारा वर्षांचा तरी.
मेमरीच्या खाचा : चार. दोन रिकाम्या.
कपॅसिटर : एक फुगलेला, म्हणून मशीन अर्ध्यावर गोठतं.
सेल :

इथे दुरुस्तीवाल्याचं पेन थांबलं. बटणाएवढा सेल त्याच्या तळहातावर होता. तो काढला की बोर्डाची सगळी सेटिंग पुसली जाते. म्हणून आधी सेटिंगची पानं कागदावर उतरवायची, मग सेलला हात लावायचा. हा नियम त्यानेच लिहून भिंतीवर चिकटवला होता. पण तीस वर्षं सरावलेला हात. डोकं दुसरीकडे असलं तरी आपलं काम उरकतो. आज उरकून बसला होता.

जाऊ दे, त्याने मनाची समजूत घातली. असल्या डबड्यात कोण काय लावून ठेवणार?

कपॅसिटर बदलला. कॉम्प्युटर न अडखळता चालू लागला.

दुपारी मालकीणबाई आल्या, सोबत धाकटा दीर.

"वहिनी, नवा घेऊ. याच्यावर खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"तुम्ही जरा गप्प बसा, भाऊजी." मग दुरुस्तीवाल्याकडे वळून, "दादा, पहाटे आपोआप सुरू होईल ना?"

"आपोआप?"

"ह्यांनी लावून ठेवलं होतं. रोज पहाटे एकटाच घुरघुरायचा. हे गेले, तरी सुरू व्हायचा. मी त्याच्यावरच उठते."

"शेजारी म्हणतात भूत आहे," दीर म्हणाला.

"भूत नाही, सेटिंग आहे. तेवढं मला कळतं."

दुरुस्तीवाल्याने चिठ्ठीवर 'सेल'पुढची रिकामी जागा बघितली.

"किती वाजता व्हायचा?"

"समोरच्या बेकरीचं शटर वर जातं तेव्हा. पाच-पन्नासला. तो बेकरीवाला एक मिनिट इकडचं तिकडे करत नाही."

पाच-पन्नास टाकून मूठ झाकलेली ठेवता आली असती. कुणाला कळलं असतं?

"बाई, चूक झाली माझ्याकडून. उतरवून न घेताच सेल काढला. त्यांनी लावलेलं सगळं पुसलं गेलं."

त्या स्टुलावर बसल्या.

"त्यांच्या हातचं तेवढंच चालू होतं," त्या म्हणाल्या.

दिराने उगाच टेबलावरचा स्क्रू उचलला आणि परत ठेवला.

"थांबा," दुरुस्तीवाला म्हणाला. बोर्ड विसरला असेल, पण मशीन कधी सुरू झालं याची नोंद डिस्कवर राहते. त्याने ती उघडली.

५:३०
५:३०
५:३०

खाली, खाली, कितीतरी खाली, तेच.

"पाच-तीस?" बाई म्हणाल्या. "पण शटर तर..."

"शटर बरोबर आहे. बोर्डाचं घड्याळ मागे होतं, वीस मिनिटं. सेल थकला की हळूहळू मागे पडतं. बोर्डाला वाटायचं साडेपाच झाले, तेव्हा बाहेर पाच-पन्नास झालेले."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"शेवटी शेवटी ते शटर वर जायच्या कितीतरी आधी उठून अंधारात पलंगावर बसायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, दाबा ना ते बटण. तर म्हणायचे, होईल, वेळेवर होईल. मला वाटायचं, यांना आता वेळेचं भान राहिलं नाही. मी कूस बदलून झोपायचे."



"मग काय लावू?" दुरुस्तीवाल्याने हळूच विचारलं. "पाच-तीस की पाच-पन्नास?"

"पाच-तीस. त्यांचं आहे ते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि घड्याळ होतं तितकंच मागे ठेवा. साडेपाचला मीच उठून बसेन. वाट बघेन."

चुकीची वेळ दाखवणारं मशीन त्याच्या दुकानातून आजवर बाहेर पडलं नव्हतं. त्याने नवा सेल बसवला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने तीन-पन्नास टाकले. मग चिठ्ठी पुढे ओढली.

सेल : नवा.
आपोआप सुरू : ५:३०.
घड्याळ : वीस मिनिटं मागे.
शेरा : दुरुस्त करू नये.