घंटेचा दोर

शेजारच्या कटकट्या म्हाताऱ्याचं आणि आमचं बोलणं कुंपणावरून बंद होतं. त्याची गाय माझा कोबी खायची आणि वर हा मलाच ऐकवायचा. रविवारी सकाळी तोच म्हातारा कुंपणाशी येऊन ओरडला, "वहिनी, गाय रुतली हो तळ्यात!"

आमचे हे चर्चची घंटा वाजवायला निघाले होते. सगळा गाव टेकडीपलीकडे शेतांवर. घंटा ऐकली की प्रार्थनेला यायचा. तळं आटून नुसता काळा गाळ उरलेला, गाय पोटापर्यंत आत. म्हाताऱ्याला तिच्याशिवाय होतं कोण?

"लांब दोर पाहिजे," हे म्हणाले. तसला दोर गावात एकच, चर्चच्या घंटेचा.

"अहो, तो देवाचा आहे!"

"मग देवाच्याच कामाला लागतोय. शेजाऱ्यावर माया करा, असं पाळक कशाला घसा कोरडा करून सांगतात?"

चर्चमधल्या बाकावर चढून, हात पुरेल तिथून यांनी विळ्याने दोर कापला. गाळात उतरून गायीला बांधला. आम्ही तिघांनी ओढला. हाताची सालटी निघाली, गाय तसूभर हलली नाही. उलट खालीच चालली.

आणि मग यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, आधी घंटा वाजवली असती तर सगळा गाव धावला असता!"

मी टेकडीकडे पळाले. चपला कुठे पडल्या कळलं नाही. शेतातले लोक मला पाहून म्हणाले, "एवढी घाई कसली? घंटा कुठे झालीय अजून?" त्यांना घेऊन परत आले, तेव्हा गायीची फक्त शिंगं दिसत होती. हे छातीभर गाळात, दोर अजून हातात. कटकट्या काठावर बसून म्हणत होता, "सोड रे बाबा. सोड आता."

लोकांनी यांना ओढून बाहेर काढलं, दोर गाळातच गेला. घंटा उंच, तिच्यापर्यंत पोचायला जिना नाही.

पुढच्या रविवारी टेकडीपलीकडून हाका ऐकू आल्या. कटकट्या बांधाबांधाने फिरत होता, घसा बसलेला. "चला प्रार्थनेला! चला!" लोक आत गेले, हा दाराबाहेरच थांबला.

मी म्हटलं, "भाऊजी, आत या ना."

"तुमच्या देवाने माझी गाय नाही वाचवली," तो म्हणाला. "मी तुमच्या नवऱ्याचं काम करतोय."