एका तासाची परवानगी

आमच्या इमारतीत हेडबाईंच्या दाराला जे कुलूप बसलं, तसं एखाद्या राजाच्या खजिन्यालाही नसेल. किल्ली नाही, भोक नाही, कडी नाही. सगळा कारभार फोनवरून. आणि इमानी इतकं, की बाईंनी आत घसा खाकरला तरी ते ताठ व्हायचं. दिवे, हीटर, किटली, घरभर सरपटत केर काढणारी ती चकती, सगळं एकाच फोनच्या धाकात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. बाई वर "दिवे बंद" म्हणाल्या की माझ्या खोलीतला दिवासुद्धा घाबरून विझायचा. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा, अंधारात तिने कपाटाला किती वेळा धडक दिलीय ते.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. मुलगा थोरला, परगावी लिफ्ट दुरुस्तीचा धंदा करतो. मुलगी ताई, दवाखान्यात आखडलेले सांधे मोकळे करण्याचं काम करते. नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे आली, आणि तेव्हापासून आईचे गुडघे चालत राहिले ते तिच्याच हातामुळे.

कुलूप बसवणारा आला तेव्हा मी तिथे होतोच. जिथे काही बसवतात, तिथे मी उभा असतो.

"बाई, तुमचा पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही," तो म्हणाला. "पोटच्या पोरालाही नाही. ज्याला आत येऊ द्यायचं, त्याचं वेगळं खातं काढा आणि तुमच्या खात्यातून त्याला निमंत्रण पाठवा. उद्या त्याचा फोन हरवला, तर तेवढं एक नाव काढून टाकलं की झालं. बाकीच्यांना धक्का नाही."

"शिस्त आहे," बाई खूश झाल्या.

"सदस्य केला तर तो कायमचा. पाहुणा केला तर मुदत तुम्ही ठरवायची. तास, दिवस, आठवडा."

"थोरला सदस्य."

"तो तर वर्षातून एकदा तोंड दाखवतो," मी म्हटलं.

"थापाडे, तुम्हाला कुणी विचारलं? मुलीला पाहुणी लावा हो. आठवड्याची. तिला परत जायचंय."

ताई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "कुठं जायचंय मला?"

"नवरा म्हणून एक माणूस आहे तुझा. विसरलीस?"

"त्याने बरंच काही केलंय विसरायला लावायला."

"बघा! ह्या जिभेपायीच संसार मोडला," बाई कुलूपवाल्याला म्हणाल्या. त्या बिचाऱ्याने मान खाली घालून स्क्रू पिळला. पिळून झालेलाच पुन्हा पिळला.

मग दर रविवारी तमाशा. मुदत संपली की ताईने समोर उभं राहून मागायचं आणि बाईंनी चष्मा पुसायचा. शाळेत उशिरा आलेल्या पोरीला वर्गाबाहेर ताटकळत ठेवावं, तसं. मग एक बोट फिरवायचं आणि वर सुनवायचं, "ह्या आठवड्यात तरी फोन कर त्याला." चकतीला मात्र घरभर कायमची मुभा. मी एकदा ताईला म्हटलं, "पोरी, तुझ्या घरात केरसुणीचा हुद्दा तुझ्यापेक्षा वरचा."

ती हसली. "ती उलटून बोलत नाही ना, काका."

एका रविवारी ताईला दवाखान्यात तातडीने बोलावलं. परवानगी मागायची राहून गेली. दुपारी परतली तर दाराचा दिवा लाल. तिने बेल दाबली, पुन्हा दाबली. मी वर गेलो. बेलही बाईंच्या फोनलाच जोडलेली; तिच्या जाळीतून त्यांचा आवाज आला, इतका बारीक की मी दचकलोच.

"पडलेय. न्हाणीघरात. उठता येत नाही."

"आई! फोन आहे ना हाताशी? दार उघड."

"थोरल्याला लावतेय. तो तिकडून उघडेल."

"अगं, मी दाराशी उभी आहे!"

"लागत नाहीये त्याचा. खाली कुठल्या तरी तळघरात असेल."

मी म्हटलं, "बाई, सुताराला बोलावतो, दार फोडू."

"खबरदार! नवं दार आहे."

जात्याच हट्टी माणसाचं कंबरडं मोडलं तरी मान मोडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ताई दाराला चिकटून बसली. आवाज तिने खाली आणला, दवाखान्यात रुग्णाशी बोलतात तसा. "आई, ऐक. माझ्या नावावर बोट ठेव. खाली यादी येईल. सगळ्यात शेवटी 'कायम' आहे. ते दाब. मी तुला उचलते. आणि पुन्हा कधी तुझ्यापुढे हात पसरायला लावू नकोस मला. एवढंच मागते."

जाळीतून नुसता श्वास येत होता. मी दाराकडे बघत होतो, ताई दाराकडे बघत होती. खाली कुणीतरी सायकल जिन्याशी आपटली.

टक्. दिवा हिरवा झाला आणि कुलूप आपल्या गोड आवाजात बोललं, "पाहुण्यांचं स्वागत आहे. आपली मुदत, एक तास."

ताई क्षणभर बसूनच राहिली. मग उठली आणि आत गेली.

तिने आईला एकटीने उचललं. मला हात लावू दिला नाही. कोरडे कपडे घातले, पलंगावर निजवलं, पाय हळूहळू वाकवून पाहिला, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर दाखवला. हाड शाबूत होतं. मुका मार. उशीखाली घडी घातलेलं पांघरूण सरकवून तिने बर्फाची पिशवी कमरेला लावली.

"हात चांगला आहे तुझा," बाई डोळे मिटून म्हणाल्या. एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलीचं केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग ताईने आतल्या खोलीतून आपली बॅग भरून आणली.

"हे काय?"

"संध्याकाळपासून एक मावशी येतील. आमच्या दवाखान्यातल्याच. रात्रीही राहतील. त्यांना सदस्य कर, आई. परक्या बाईला दर आठवड्याला दारात उभं करू नकोस."

"रागावलीस? अगं, अजून अर्धा तास आहे तुझा."

"पुरे झाला," ताई म्हणाली. आईच्या पायावरचं पांघरूण तिने सारखं केलं, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवला, मला म्हणाली, "काका, मावशी येईपर्यंत बसाल?"

"बसतो. आधी बॅग खाली पोचवतो."

आम्ही जिन्यात पोचलो तोच वरची जाळी खरखरली. "ऐकतेस का? आठवडा केलाय."

ताई उतरत राहिली.

"दोन आठवडे!"

जिन्यातली दारं किलकिली झाली. फाटकाशी तिने माझ्या हातातून बॅग घेतली. "द्या काका, जड नाहीये." रस्त्यावरचा गोंगाट मोठा होता, तरी वरून येणारा आवाज त्याच्याही वर चढला.

"महिना! अगं, महिना करते!"

ताई रस्ता ओलांडून गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी कान देऊन उभा होतो. बाई दीड महिन्यापर्यंत चढल्या. शेवटचा तो एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.