उकंडरावांचा कानडी बैल

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, पोळ्याच्या तोंडावर, उकंडरावांनी खामगावच्या बाजारातून धारवाडकडचा बैल आणला. बैलाला मराठीचा गंध नव्हता. कानडीत 'बा' म्हणजे 'ये', एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

पोळ्याच्या दुपारी धाकटीने दारातून बापाला हाक मारली, "बा, जेवाले चाल."

उकंडराव समोरच्या पारावर पत्ते कुटत होते. ते कशाला उठतात? बैल मात्र खुंटा उपटून थेट ओसरीवर, मांडलेल्या पाटापुढे येऊन उभा राहिला. सणाच्या बैलाला हाकलायचं कसं? अंबूबाईने त्याला ओवाळलं आणि नवऱ्याचं पुरणपोळीचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

डाव संपल्यावर उकंडराव आले. "माह्यं ताट कुठी हाय?"

"पोरीनं बाले हाक मारली," अंबूबाई म्हणाली. "जो आला, त्याले वाढलं."