माइकच्या काठीची कमाई

मी बोलतेय, शूटिंगमधली माइकची लांब काठी. टीव्हीवर तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, आणि त्याचाच मला अभिमान आहे! नट बोलतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, मी माइक घेऊन तरंगते. मी दिसले, की शॉट वाया.

मला विकत घेतलं ताईंनी. त्या साउंड रेकॉर्डिस्ट. आधी दुसऱ्यांच्या सामानावर काम करायच्या. रोजाच्या पैशात घर कसंबसं भागायचं. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "सोफा राहू दे. आधी तुझं सामान घे." या धंद्यात सामान स्वतःचं असलं, की मेहनतान्यासोबत सामानाचं भाडंही मिळतं. मग पाहुणे चटईवर बसू लागले आणि यजमान ऐटीत सांगू लागले, "आमच्याकडे कमावते तिघं. ही, मी आणि ती कोपऱ्यातली काठी." माझा ऊर भरून यायचा.

मला धरायचे ताईंचे मदतनीस, काका. तासन्‌तास हात वर करून उभं राहणं म्हणजे खायचं काम नव्हे! नटानं मान वळवली, की मी तिथे हजर.

आमची मालिका जोरात होती. ताईंच्या घराचा हप्ता आणि काकांच्या मुलीचं कॉलेज तिच्यावरच चाललं होतं. एक दिवस मालिकेचे मॅनेजर आले.

"ताई, बजेट घटलंय. कॉलरला छोटे माइक लावू. काका उद्यापासून नकोत. तुमचे पैसे आहेत तेवढेच राहतील."

"आणि काठी लागली तर?"

"तुम्ही धरा की! तुम्हाला तर कामाची आवड आहे."

"आवड आहे म्हणून एका पैशात दोघांचं काम करू? काका नाहीत, तर मीही नाही."

काका गयावया करू लागले, "माझ्यापायी नुकसान नका करून घेऊ."

"आज तुम्ही, उद्या मी," म्हणत ताईंनी मला पिशवीत घातलं.

पुढचे महिने कठीण गेले. फोन वाजेना. ताईंनी हळूच विचारलं, "काठी विकायची का?" दुसऱ्या दिवशी यजमानांनी आपली स्कूटर विकली आणि ते शाळेत पायी जाऊ लागले.

मग फोन आला तो मालिकेत आजीचं काम करणाऱ्या बाईंचा. "तुम्ही गेलात आणि माझा हुंदका गेला हो! कॉलरच्या माइकमध्ये नुसती कपड्यांची सळसळ ऐकू येते. मला सिनेमा मिळालाय. दिग्दर्शकाला सांगितलंय, आवाजाला ताईच हव्यात."

दिग्दर्शकानं दर विचारला. ताईंनी आधी काकांचा सांगितला, पूर्वीपेक्षा वाढवून. मग स्वतःचा, मग माझं भाडं. एकदाही नजर खाली गेली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला.

त्या सिनेमात बाई आजारी मुलाशी पुटपुटतात. काकांनी मला श्वास रोखून धरलं होतं. 'कट' झालं. बाईंनी डोळे पुसले आणि वर पाहून काकांना हात जोडले.

आता माझे सांधे ढिले झालेत. कामावर नवी, हलकी काठी जाते आणि मी ताईंच्या खिडकीचा पडदा पेलते. दिमाखात पेलते!

कधी शूटिंग बघायला गेलात, तर नटांबरोबर फोटो जरूर काढा. पण हात वर करून उभ्या असलेल्या माणसालाही एकदा विचारा, "पैसे वेळेवर मिळतात ना?"