सात गोळ्या आणि नऊ मिनिटं

मी एका सिनेमाची डीव्हीडी बोलतेय. नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की निम्मी माणसं खूश होतात आणि निम्मी नाक मुरडतात. माझ्यातला नायक शेवटी बंदुकीच्या सात गोळ्या खातो आणि बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून नऊ मिनिटं बोलतो. त्या नऊ मिनिटांसाठी थिएटरं तुडुंब भरली, आणि शहाण्या लोकांनी शिव्या घातल्या त्याही तेवढ्याचसाठी.

कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या. मला एका घड्याळजींच्या बायकोने विकत घेतलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. दर रविवारी दुपारी ती मला लावायची, रुमाल हाताशी घेऊन बसायची आणि बहिणीचे संवाद बहिणीच्या आधीच म्हणून टाकायची.

घड्याळजींना माझा भारी राग. एकदा त्यांनी चक्क घड्याळ लावून मोजलं. "नऊ मिनिटं चाळीस सेकंद! अगं, सात गोळ्या खाल्लेला माणूस पाणीसुद्धा मागत नाही. टुकार सिनेमा!"

"अहो, तुम्हाला रडता येत नाही, म्हणून मोजत बसता," ती म्हणायची.

मला त्यांचा संताप यायचा. पण खोटं कशाला बोलू, मोजलं होतं त्यांनी बरोबर.

मग एका सकाळी तिला अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. सगळं समजायचं, पण ओठांवर शब्द यायचा नाही. घड्याळजी जिना चढून आले की "अहो, आलात का?" अशी हाक यायची, ती बंद झाली. ते दारात उगाचच थांबून राहायचे.

बोलायला शिकवणारी एक बाई घरी येऊ लागली. ती म्हणाली, "काका, स्वतःचे शब्द सापडत नाहीत तेव्हा कधी कधी पाठ असलेले बाहेर पडतात. काकूंना काय तोंडपाठ आहे?"

 कडू औषध प्यायल्यासारखा चेहरा करून घड्याळजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आणि मी ऐन वेळी दगा दिला! इतकी वर्षं वापरून अंगावर चरे पडलेले, त्यामुळे नेमकी मांडीवर डोकं ठेवण्याच्या प्रसंगाला अडकले. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घड्याळजींनी मला खाली दुकानात नेलं, डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाच्या काचेचे ओरखडे घालवायची पेस्ट कापसावर घेतली आणि हलक्या हाताने मला घासू लागले. जन्मभर मला टुकार म्हणणाऱ्या या माणसाइतक्या मायेने मला कुणीच हाताळलं नाही.

त्या दुपारी तिच्या तोंडून तुटक तुटक आलं, "दादा... डोळे... उघड."

घड्याळजी ढसाढसा रडले. रडता येत होतं त्यांना!

"नुसतं बघून भागायचं नाही, समोरून कुणीतरी बोललं पाहिजे," बाई म्हणाली. झालं! या गृहस्थांनी वही घेऊन माझी नऊ मिनिटं चाळीस सेकंद उतरवून काढली, पाठ केली आणि रोज बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून मरू लागले. अभिनय इतका भयंकर की मला हसू आवरेना. ती त्यांना दादा म्हणायची आणि ते निमूट मरायचे.

तीन महिने गेले. सिनेमातली वाक्यं तिला यायची, पण स्वतःचं एकही नाही. "काका, आता फार आशा ठेवू नका," बाई जाताना हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी दोन-अडीच मिनिटांतच अडखळले. "जाऊ दे. मला नाही जमत. मेलो मी," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

 मग ती म्हणाली, "अहो... इतक्यात... मरू नका. अजून... सात मिनिटं... आहेत."

माझ्यातला शब्द न् शब्द मला ठाऊक आहे. हे वाक्य माझ्यात नाही. आणि "अहो" तर माझ्यात कुठेच नाही.

आता मी खणात पडून असते. पुन्हा चरे पडलेत, मशीनही मला ओळखत नाही. माझी तक्रार नाही. फक्त मला फेकून देऊ नका, एवढंच मागणं आहे. नावं खुशाल ठेवा. घड्याळजी अजून ठेवतात. गिऱ्हाइकासमोर "टुकार सिनेमा!" म्हणतात, तेही हल्ली जरा मोठ्यानेच. म्हणजे वरून लगेच आवाज येतो, "अहो, ऐकतेय मी!"